डावीकडचा चंद्र

आपण पान मागच्या बाजूने, उजेडासमोर धरून बघतोय की काय, असं कॅमिलाला आधी वाटलं. तिने बोटांनी कागद चाचपला. जाड, गुळगुळीत कागद. त्यातून आरपार काही दिसणं शक्य नव्हतं. ती शाळेची लायब्ररियन होती आणि रमजानमुळे शाळा लवकर सुटली होती. लायब्ररीत तिच्याशिवाय कुणी नव्हतं, आणि बारावीच्या मुलांसाठी भरवलेल्या युनिव्हर्सिटी फेअरनंतर उरलेली माहितीपत्रकं ती देशांप्रमाणे लावून ठेवत होती. हातातलं पत्रक मध्य युरोपातल्या कुठल्याशा जुन्या विद्यापीठाचं होतं. मधल्या दोन पानांवर त्यांच्या सगळ्यात जुन्या कॉलेजचा दर्शनी भाग पसरला होता, आणि तो तिने एका क्षणात ओळखला, गर्दीत आपल्या माणसाची पाठ ओळखावी तसा. पीळ घातल्यासारखे खांब. कोनाड्यांवर शिंपले. माथ्यावरची कमान मधोमध दुभंगलेली, त्या फटीत घड्याळ, आणि कमानीच्या दोन उतारांवर एकीकडे सूर्य, एकीकडे चंद्रकोर. फक्त सूर्य डावीकडे होता आणि चंद्र उजवीकडे. लहानपणापासून तिच्या डोळ्यांना सवय होती ती चंद्र डावीकडे असण्याची. छापणाऱ्यांनी फोटो उलटा लावला असेल, असं ती स्वतःला सांगत होती, तोवर तिला घड्याळाखालच्या पट्टीवरची लॅटिन अक्षरं दिसली. अक्षरं सरळ होती. म्हणजे फोटो सरळ होता. म्हणजे उलटं जे होतं ते अबुधाबीच्या रस्त्यावर, वाळूत उभं होतं, आणि ते पप्पांनी केलं होतं.

ती खुर्चीत बसली. एसीचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. फोनवर नागेशचा मेसेज सकाळपासून तसाच पडला होता. नागेश शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या एका मार्बलच्या दुकानात कॉम्प्युटरवर डिझाइन करायचा, कोल्हापूरकडचा होता आणि मराठी बोलायला मिळतं म्हणून कॅमिलाचं काम जरा जास्तच मनावर घ्यायचा. ‘मॅडम, फायनल आहे ना? ईदच्या सुट्टीआधी दगड मशीनवर लावतो.’ दगड पप्पांच्या कबरीचा. मधोमध क्रूस, खाली अल्बर्ट लोपीस हे नाव, आणि क्रुसाच्या दोन्ही अंगांना पप्पांनी घडवलेल्या कॉलेजवरचे चंद्र-सूर्य, अगदी तिथे आहेत तसे. फोटो तिनेच काढून पाठवला होता. चंद्र डावीकडे. काळ्या ग्रॅनाइटवर एकदा ते कोरलं की खलास. पप्पांची चूक, चूक असेल तर, पप्पांच्याच उशाशी कायमची. आणि डिझाइन फिरवून घ्यायचं तर ते बरोबर होईल, पण मग ते पप्पांचं राहणार नाही. तिने मेसेजला उत्तर दिलं नाही. पत्रक पर्समध्ये ठेवताना कुणाची तरी वस्तू न विचारता घेतल्यासारखं तिला वाटलं, वास्तविक ती फुकट वाटायचीच होती.

शारजाच्या रस्त्यावर नेहमीचा ट्रॅफिक होता. इफ्तारच्या आधी घरी पोचायला निघालेल्या गाड्या एकमेकींना चिकटून सरकत होत्या. पप्पा म्हणायचे, भाडं शारजाचं आणि आयुष्य रस्त्याचं. वसईहून ते इथे आले तेव्हा तिच्या भावाचा, गॅविनचा, जन्मही झाला नव्हता. दर्शनी भागांचे तुकडे बनवणाऱ्या एका फॅक्टरीत ते ड्राफ्ट्समन म्हणून लागले आणि तिथेच रिटायर झाले. काचेचे तंतू घातलेलं सिमेंट साच्यात फवारायचं, वाळलं की सोडवायचं, आतून पोकळ आणि हलकं. वरून मात्र वाटावं की माणसांच्या चार पिढ्यांनी दगड फोडून घडवलंय. कमानी, कठडे, खांबांची डोकी. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या इमारतींना चेहरे दिले आणि त्याबद्दल घरी अवाक्षर काढलं नाही. अपवाद फक्त या एका कॉलेजचा. अबुधाबीच्या अलीकडे, हायवेवरून आत जाऊन, कुणा शिक्षणप्रेमी कुटुंबाने बांधलेलं ते खाजगी कॉलेज. त्यांना युरोपातल्यासारखं भारदस्त काहीतरी हवं होतं. मात्र मूळ इमारतीवर कोनाड्याकोनाड्यांत उभे असलेले पुतळे नको होते. त्यामुळे कोनाडे रिकामेच राहिले. ‘बरं झालं,’ पप्पा म्हणायचे, ‘कबुतरांची सोय झाली.’

सुट्टीच्या संध्याकाळी ते सगळ्यांना गाडीत घालून तिकडे न्यायचे. तिची आई पॉलिन कुरकुर करायची की लोक मुलांना मॉलमध्ये नेतात, आपण सिमेंट बघायला जातो. गेटवरचा वॉचमन ओळखीचा झाला होता. गेटपासून इमारतीपर्यंत खजुरांच्या मधून एक लांबच लांब सरळ रस्ता, शेवटी गोल चक्कर. पप्पा चक्कर मारायचे, थांबायचे नाहीत, बोलायचे नाहीत. गाडी पुन्हा गेटकडे वळली की मात्र वेग कमी करायचे, हात वर करून मधला आरसा शेजारी बसलेल्या कॅमिलाकडे कलता करायचे आणि म्हणायचे, ‘आता बघ. हे असं बघायचं.’ आरशात ती इमारत हळूहळू लहान होत जायची. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खांबांचे पीळ हलल्यासारखे वाटायचे, शिंपल्यांत सावल्या भरून यायच्या. मागच्या सीटवरून आई म्हणायची, ‘समोर बघून चालव, पोरांना आरसा कसला दाखवतोस.’ पप्पा हसायचे, पण आरसा गेट येईपर्यंत तसाच ठेवायचे. कॅमिलाला वाटायचं की ही त्यांची गंमत आहे, कुणी नाण्याची गंमत करतं, कुणी कान हलवून दाखवतं तशी.

पुढे कॉलेजात असताना तिने बरोक या युरोपीय वास्तुशैलीबद्दल खूप वाचलं. पप्पांमुळेच वाचलं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. या शैलीने दगडाला शांत बसू दिलं नाही, सरळ रेषेला वाकवलं, कमान मुद्दाम मोडली आणि त्या मोडीतून आकाश आत घेतलं. अशी इमारत उभ्या माणसासाठी नसतेच, चालत्या माणसासाठी असते, असं तिने कुठेतरी वाचलं आणि तिला चालत्या गाडीतला तो आरसा आठवला होता. ती पप्पांना उत्साहाने सांगायची. ते नीट ऐकायचे, मान डोलवायचे. मूळ इमारत कुठल्या गावात आहे, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. विचारलं की म्हणायचे, ‘असेल तिकडे युरोपात कुठेतरी. कन्सल्टंटने फोटो दिले, आम्ही केलं.’ जी इमारत त्यांनी इतकी जपली तिच्या गावाचं नाव त्यांना आठवत नव्हतं. ट्रॅफिकमध्ये ब्रेक दाबता दाबता तिला पहिल्यांदाच हे चमत्कारिक वाटलं. उलटं झाल्याचं ठाऊक असेल तर त्यांनी लपवलं. ठाऊक नसेल तर एक चुकलेली गोष्ट ते आयुष्यभर अभिमानाने मिरवत राहिले, आणि आपण त्यांच्या शेजारी बसून ती कौतुकाने बघत राहिलो. दोन्हींतलं काय बरं, हे तिला ठरवता येईना. रडू आलं नाही. ते दफनाच्या दिवशीही आलं नव्हतं, महिन्यानंतरच्या चर्चमधल्या मिस्सेलाही नाही. लोक म्हणाले, कॅमिला खंबीर आहे. तिला ते आठवून उगाच खोटं पडल्यासारखं व्हायचं.

रात्री टोरांटोहून गॅविनचा फोन आला. त्याला पप्पांना दफनासाठी वसईला न्यायचं होतं. तुमची आई इथल्या मातीत आहे, मला तिच्याशेजारी ठेवा, असं पप्पांनी स्वतः सांगितलेलं, म्हणून तो गप्प बसला होता. तिने त्याला पत्रकाचा फोटो पाठवला. तो बघून म्हणाला, सो व्हॉट, कॅमी, कोणाला कळणारे? मग स्वतःच म्हणाला की चूकच असेल तर डिझाइन फ्लिप कर, एका बटणाचं काम आहे. मग म्हणाला, तू इद्रीसचाचांना का विचारत नाहीस? शेवटचं वाक्य तो सहज बोलून गेला, आणि त्यासाठी ती त्याची कितीतरी वेळ मनातल्या मनात ऋणी राहिली. स्वतःहून तिला ते सुचलं नसतं असं नाही. विचारायची परवानगी मात्र कुणीतरी द्यायला हवी होती.

इद्रीसचाचा रत्नागिरीकडचे. फॅक्टरीत साच्यांचं शॉप त्यांच्या हाताखाली होतं. आता मुलाकडे, शारजातच राहायचे, गुडघ्यांनी बेजार. शनिवारी दुपारी ती गेली तेव्हा शहनाझचाचींनी दार उघडलं आणि रोजा असूनही लगेच चहाचं आधण ठेवायला निघाल्या. कॅमिला नको नको म्हणत होती. ‘आमचा रोजा आहे, तुझा कुठे आहे? तुझा बाप तर रमजानात येऊन माझ्यासमोर दोन कप प्यायचा,’ चाची म्हणाल्या, आणि मग त्यांनाच बोलवेना. तिने चहा घेतला. इद्रीसचाचांनी पत्रक हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाजवळ नेला. त्यांची नात हिबा खांद्यावरून वाकून म्हणाली, ‘नाइस बिल्डिंग, दादा. इज दिस द वन यू मेड?’ चाचांनी चंद्रावर बोट ठेवलं. ते म्हणाले, ‘शेवटी आलंच म्हणायचं हे घरी.’

मग त्यांनी सांगितलं. साचा नेहमी उलटा असतो; डावं उजवीकडे, उंच ते खोल. ड्रॉइंग ऑफिसातून तयार तुकड्याचं सुलटं चित्र यायचं आणि साच्यासाठी ते उलटवून घ्यायचं काम शॉपचं, ही फॅक्टरीची जुनी रीत. या कामाला घाई होती, सूर्य-चंद्राचे साचे पहिल्यांदाच थेट कोरून काढायचे होते, तेव्हा चूक नको म्हणून अल्बर्टने आपल्या हाताने चित्रं आधीच उलटवून पाठवली. शॉपने रीतीप्रमाणे ती पुन्हा उलटवली. दोघांनीही आपलं काम चोख केलं होतं. डाव्या उताराचा तुकडा उजव्या उतारातच बसेल असा झाला, उजव्याचा डाव्यात, आणि साइटवरच्या लोकांनी जिथे बसले तिथे ते बसवून टाकले. बाकी खांब, शिंपले, कोनाडे दोन्हीकडे सारखेच. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मचाण उतरल्यावर अल्बर्टने वर बघितलं आणि तो तिथेच सिमेंटच्या पोत्यांवर बसला.

‘मी म्हणालो, तू उलटवलंस. तो म्हणाला, तू उलटवलंस. तिथून जे सुरू झालं ते शेवटच्या रमजानपर्यंत.’ चाचा हसले. अल्बर्ट कॉलेजच्या मालकांना जाऊन सांगणारच होता. पुन्हा साचे, पुन्हा तुकडे, सगळा बोजा फॅक्टरीवर, आणि शॉपमधल्या निम्म्या माणसांना घरचं तिकीट, हे दोघांनाही दिसत होतं. तरी तो सांगणार होता. इतक्यात मालकांकडचे एक वयस्क गृहस्थ इमारत बघायला आले. मूळ कॉलेजवरची कोर होती पहाटेची, उतरत्या चंद्राची. रात्रभर अभ्यास करणाऱ्यांसाठी असेल. उलटल्यावर कोरीची पाठ फिरली आणि ती झाली होती संध्याकाळची, नव्या महिन्याची. गृहस्थांनी मान वर करून ती पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. हिलाल, ते म्हणाले, माशाल्ला, तुम्ही आमच्यासाठी ईदचा चंद्र केलात. त्यांनी अल्बर्टचा हात दोन्ही हातांत धरला. ‘तुझ्या बापाने तोंड उघडलं, आणि मी बुटावर बूट ठेवून असा दाबला त्याचा पाय, की तो नुसता शुक्रन म्हणाला.’

कॅमिलाच्या डोळ्यांसमोर एकदम हॉलमधला जुना फोन आला. दर ईदच्या आदल्या संध्याकाळी पप्पा इतर कुणाच्याही आधी इद्रीसचाचांना फोन लावायचे आणि विचारायचे, ‘काय रे, तुमचा चंद्र दिसला, की माझा बघून ईद करताय?’ पलीकडून काहीतरी ऐकू यायचं आणि पप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. आई म्हणायची, दरवर्षी तोच जोक, कंटाळा कसा येत नाही दोघांना. तिने चाचांना विचारलं, तुम्ही पलीकडून काय म्हणायचात? चाचांनी चष्मा पुसला. ‘ते आता कशाला,’ ते म्हणाले. ‘यंदा कोण फोन करणारे.’ चाची स्वयंपाकघरात निघून गेल्या.

पप्पांना माहीत होतं. मग तो आरसा कशासाठी? तिने चहाचा कप खाली ठेवला. पत्रकाकडे बघितलं. पुन्हा एकदा, जणू कुणी शेजारून म्हणत होतं, हे असं बघायचं. तिने चाचांना विचारलं, माझ्याबरोबर येता? आत्ता? चाचांनी गुडघ्यावर हात ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आलेल्या चाचींकडे पाहिलं. चाची म्हणाल्या, जा, इफ्तारचा डबा देते गाडीत, आणि खजूर देते, त्याला शुगर आहे, विसरू नकोस.

अबुधाबीच्या रस्त्याला उन्हं कलायला लागली होती. मार्चचं ऊन, अजून सोसवणारं. चाचा एकदाच म्हणाले की तिथे ते रिटायर झाल्यापासून गेलेच नाहीत. गेटवर आता नवा वॉचमन होता. चाचांनी त्याला हिंदीत सांगितलं की भाई, ये बिल्डिंग का मुँह हम लोगों ने बनाया है, आणि त्याने त्यांच्या पांढऱ्या दाढीकडे बघून दांडी वर केली. दोन्ही बाजूंची खजुरं उंच झाली होती. चक्करीशी पोचल्यावर कॅमिलाने गाडी थांबवली नाही, पप्पा थांबवत नसत म्हणून. तरी वर बघितलं. सिमेंटला वाळूचा रंग चढला होता, दगडाला चढावा तसा. दुभंगलेली कमान, तिच्यातून दिसणारा आभाळाचा तुकडा, कोनाड्यांत कबुतरं. डावीकडे चंद्र. चाचा मान मागे टाकून बघत होते आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होते; मोजत असावेत, किंवा अल्बर्टशी भांडत असावेत.

गाडी गेटकडे वळली. कॅमिलाने वेग कमी केला. हात वर करून आरसा चाचांकडे कलता केला. ‘चाचा, आता बघा,’ ती म्हणाली. ‘पप्पा मला हे असं दाखवायचे. नेहमी असंच.’

चाचांनी आरशात बघितलं. मग हातातल्या पत्रकाकडे. मग पुन्हा आरशात. सूर्य डावीकडे होता. चंद्र उजवीकडे, पहाटेचा. मूळ कॉलेज, कुठल्याशा थंड गावातलं, त्या वीतभर आरशात काही चुकलेलं नसल्यासारखं उभं होतं आणि सावकाश लहान होत चाललं होतं. पप्पांनी ते तिला दरवेळी सुलटं करून दिलं होतं. जगाला जे द्यायचं राहून गेलं ते त्यांनी शेजारच्या सीटवर बसलेल्या मुलीला दिलं, आईची बोलणी खाऊन, एका हाताने स्टिअरिंग धरून. आणि तिने ते गंमत म्हणून घेतलं, तेही त्यांना चाललं. समोरचा रस्ता तिला धूसर दिसायला लागला. तिने गाडी खजुरांच्या कडेला घेतली आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा, आवाज न करता, रडली. चाचा आरशात बघत राहिले.

‘इतकी वर्षं,’ ते शेवटी म्हणाले. ‘मला नाही दाखवलं कधी, लबाडाने.’ आवाजात जरा दुखावल्यासारखं होतं, आणि नवलही.

तिने डोळे पुसले, फोन घेतला आणि नागेशला व्हॉइस मेसेज केला. फोटोत आहे तसंच कोरायचं. चंद्र डावीकडेच. चाचा लगेच तिच्या बाजूला वाकून फोनमध्ये बोलले, ‘आणि काय रे भावा, तुमच्या मशीनला डिझाइन उलटवून लावायला लागतं काय? लागत असेल तर ते एकानेच करायचं. दुसऱ्याने मध्ये हात घालायचा नाही.’ नागेशचं उत्तर आलं, ‘ओके अंकल’, आणि त्यामागे काहीच न समजल्याची खूण असलेलं एक इमोजीचं तोंड. कॅमिला हसली. हसताना नाक गळत होतं, तिला त्याची लाज वाटली नाही.

गेटबाहेर पडेपर्यंत तिने आरसा तसाच कलता ठेवला. हायवेला लागल्यावर सूर्य खाली आला होता, समोरच्या गाड्यांच्या काचा तांबूस झाल्या होत्या. चाचांनी डबा मांडीवर घेतला होता आणि घड्याळाकडे बघत होते. ईद आता कधीही येईल, उद्या नाहीतर परवा. आभाळ साफ होतं. कॅमिलाने आरसा स्वतःकडे वळवून घेतला. घसा साफ केला. पप्पांचा तो सूर आपल्याला जमेल की नाही, याची तिला खात्री नव्हती.

‘काय चाचा,’ ती म्हणाली, ‘यंदा तुमचा चंद्र बघणार, की पप्पांचा बघून ईद करणार?’

चाचांनी मांडीवरचा डबा घट्ट धरला, आणि दरवर्षी फोनच्या पलीकडून जे यायचं ते तिने पहिल्यांदा नीट ऐकलं.

‘तुझ्या बापाचा बघायचा म्हटला तर, बेटा,’ ते म्हणाले, ‘रोजच ईद.’